जावयाविरुद्ध जबाब

शैलेंद्र उकिडवे चौतीस वर्षं पोलिसात होते. अठरा बदल्या पचवून शहराचे आयुक्त म्हणून निवृत्त झाले. मंत्र्यांचा फोन आला, की "तपास चालू आहे" म्हणायचे आणि रिसीव्हर ठेवायचे. असा हा खमका गृहस्थ आता आखातात, अल बर्शात लेकीच्या, ईशानीच्या घरी एसीचा रिमोटही विचारून घ्यायचा. पत्नी गेली होती, पुण्यातलं घर विकून झालं होतं. ईशानीवाचून त्यांना दुसरं कोणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तिघं जेवायला निघाले. जावई निनाद गाडी चालवत होता, एका हातानं मेसेज टाइप करत. पार्किंगमधून रस्त्यावर येताना त्यानं मान वरच केली नाही, आणि डिलिव्हरीची बाइक उडाली. उकिडवे धावले. बाइकवाला मोहिद्दीन महाडकडचा, दोन मुलांचा बाप. पाय मोडला होता. "काका, मी माझ्या साइडनंच होतो," तो कण्हत म्हणाला. "कंपनी मलाच काढेल ओ."

कॅमेरा तिथं नव्हता. पोलीस ठाण्याबाहेर निनादनं सासऱ्यांना गाठलं. "बाबा, बाइक राँग साइडनं आली, एवढंच सांगा. माझा सेल्सचा जॉब, लायसन्स गेलं तर खलास! तुम्ही कमिशनर होतात, तुमच्या शब्दावर कोण डाउट घेणार?"

"बाबा, प्लीज," ईशानीनं त्यांचा हात धरला. तो सोडवून घेणं उकिडव्यांना फार जड गेलं.

आतला तरुण अरब अधिकारी हिंदी बोलायचा. ओळख कळताच तो उठून उभा राहिला. "सर, आप भी पुलिस में थे? फिर तो आपका बयान काफी है."

खोटा साक्षीदार नको तितका तपशील देतो आणि तिथंच सापडतो, हे उकिडव्यांनी कित्येक फौजदारांना शिकवलं होतं. म्हणजे एकच छोटं वाक्य पुरलं असतं. ते तोंडात तयारही होतं.

"गाडी कौन चला रहा था?"

"निनाद. मेरा दामाद."

"और बाइक?"

काचेपलीकडे ईशानी उभी होती. त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं.

"बाइक अपनी साइड पे थी. निनाद के हाथ में फोन था. उसने रास्ता देखा ही नहीं."

अधिकाऱ्याची बोटं कीबोर्डवर थांबली. "सर, साइन के बाद बदलेगा नहीं."

"लिखिए."

जबाब अरबीत होता. नियमाप्रमाणे दुभाष्यानं तो हिंदीतून वाचून दाखवला. उकिडव्यांनी सही केली.

ते बाहेर आले. निनादला आत बोलावलं गेलं. ईशानी रडली नाही, ओरडलीही नाही.

"बाबा, सोमवारचं तिकीट बघते."

"कुठलं गं?"

"तुम्ही सांगाल तिथलं."