ट्रंकवाला भाडेकरू

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. सुरतेत, कतारगामला, आमच्या वरच्या खोलीत एक पोरगा भाड्यानं राहायचा. अनाथाश्रमात वाढलेला, अठरा पूर्ण होताच तिथून बाहेर पडावं लागलेलं. कापडाच्या लूमवर कामाला जातानाही रोज पत्र्याची ट्रंक खांद्यावर. एकदा मी भडकलेच, "आम्ही काय चोर आहोत?"

"ना काकू," तो खाली बघत म्हणाला, "आधीच्या खोलीवर एकदा संध्याकाळी परत आलो, तर मालकानं सामान रस्त्यावर टाकलं होतं."

त्या दिवसापासून तो निघाला की मी आतूनच ओरडायचे, "लवकर ये रे!"

दिवाळीनंतर एका सकाळी जिन्यावर ट्रंक आपटल्याचा आवाज आलाच नाही. बघते तर हा मोकळ्या हातांनी कोपऱ्यावर पोचलेला. मी धावत वर गेले. ट्रंक खाटेखाली होती. मेल्यानं कुलूपसुद्धा लावलं नव्हतं!