मागच्या चाकाचा नट

पानेकाकांचं खरं नाव फक्त त्यांच्या लाइट बिलावर आहे. ते बिलही गल्लीभर फिरून शेवटी माझ्याकडे येतं, कारण या नावाचा माणूस इथे राहतो हे कोणालाच पटत नाही. हातात पाना नसलेले काका मी पाहिलेत ते फक्त जेवताना, आणि तेव्हाही चमचा ते पान्यासारखाच धरतात.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही अर्धीच. त्यामुळे भिंतीपलीकडचं काहीच माझ्यापासून लपून राहत नाही. काका लांब पल्ल्याच्या मोटरसायकली दुरुस्त करतात. मागे पेट्या लटकवून डोंगर, वाळवंट, समुद्र बघायला निघालेल्या धिप्पाड गाड्या. ते गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नाहीत, गाडीशी बोलतात. "काय गं, कुठे दुखतंय?" असं अगदी मायेनं विचारतात. मग आतल्या खोलीतून काकूंचा आवाज येतो, "माझंही डोकं दुखतंय हो, कोणी विचारणार असेल तर!"

काकांच्या कामाची एक पद्धत होती. नट पूर्ण आवळून झाला की त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ मारायची. रेघ नटावरून खालच्या लोखंडावर उतरलेली. नट जरा जरी हलला तरी रेघ मोडलेली दिसते, आणि जिथे रेघच नाही तिथे काम बाकी आहे हेही कळतं. गाडी द्यायच्या आधी ते तिच्याभोवती फिरून रेघा बघायचे आणि मगच किल्ली सोडायचे.

नेलपॉलिश अर्थातच काकूंचं. बाटल्यांमागून बाटल्या इंजिनाच्या कामी आल्यावर एक दिवस काकूंचा बांध फुटला.

"माझ्या नखांना रंग नाही, आणि हिच्या चाकाला बघा, नवरीसारखा!" असं म्हणून त्यांनी नवी बाटली कपाटात टाकली आणि किल्ली पदराला बांधली.

काका म्हणाले, "ठेव. मला काय करायचीय? माझा हात विसरत नाही."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. काका आता म्हणतात की ते असं बोललेच नाहीत.

त्याच आठवड्यात साहेबांची गाडी आली. साहेब म्हणजे कुठल्याशा कार्यालयातून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. बायकोला मागे बसवून समुद्राच्या कडेकडेनं महिनाभर हिंडायचं, हा बेत त्यांनी नोकरीत असल्यापासून ठरवलेला, आणि दर वर्षी कशा ना कशासाठी पुढे ढकललेला. गाडीचं सगळंच करायचं होतं. ऑइल, ब्रेक, क्लचची केबल, मागचा टायर आणि चेन. साहेब स्टूल टाकून शेजारी बसले आणि प्रश्न विचारत राहिले. हे काय, ते कशाला, हे असंच असतं का. काका एरवी अशा गिऱ्हाइकाला चहाला पिटाळतात, पण साहेब चहा पीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि बाई निघाले. काकूंनीसुद्धा बाहेर येऊन हात हलवला. बाईंनी नवं जाकीट घातलं होतं आणि त्यात त्या जरा अवघडल्यासारख्या, पण फार खुशीत दिसत होत्या.

थोड्या वेळानं पलीकडचा ट्रकचा मिस्त्री आला. त्याच्या खांद्यावर काकांचा लांब दांड्याचा मोठा पाना होता.

"हा घ्या काका. काल दुपारी नेला तो राहूनच गेला माझ्याकडे."

काकांनी पाना हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. मी अर्ध्या भिंतीवरून बघत होतो. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणतात, ते मी तेव्हा पाहिलं.

"काल दुपारी?" त्यांनी विचारलं.

"हो, तुम्ही चाक काढून बसला होतात ना, तेव्हाच."

मागच्या चाकाचा नट त्या मोठ्या पान्याशिवाय आवळला जात नाही. काकांनी तो आदल्या सकाळी त्याच पान्यानं सोडला होता, संध्याकाळी चाक बसवताना हातानं बसेल तितका बसवला होता, आणि पाना आला की आवळू म्हणून साहेबांच्या पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. गाडी देताना तिच्याभोवती फेरीही मारली होती. पण लाल रेघ एकाही नटावर नव्हती, तेव्हा आवळलेला कोणता आणि राहिलेला कोणता, सगळे सारखेच दिसले.

"फोन लाव," काका मला म्हणाले.

मी लावला. वाजत राहिला. साहेबांचा फोन मागच्या पेटीत, कपड्यांच्या खाली होता, हे नंतर कळलं. मी लावतच राहिलो आणि काका स्कूटरला किक मारतच राहिले. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची स्कूटर कशी असते ते मी सांगायला नको. ती खोकली, शिंकली, आणि एकदाची सुरू झाली. काकू स्वयंपाकघरातून होत्या तशा आल्या आणि मागे बसल्या.

"तू कशाला?"

"बाटली मी लपवली ना? चला आता, बघत काय बसलात!"

पुढचं सगळं काकूंनी सांगितलेलं. काका त्यातलं निम्मं नाकारतात, म्हणून मी ते पूर्ण खरं धरतो.

स्कूटर मोठ्या रस्त्याला लागली. काकूंच्या मांडीवर तो पाना आडवा, त्यामुळे शेजारून जाणारी वाहनं आपोआप लांबून जात होती. रस्त्यात कुठे गर्दी दिसली की स्कूटर हळू व्हायची, आणि गर्दी बसथांब्याची निघाली की पुन्हा पळायची. अशा किती गर्द्या लागल्या ते काकूंनी मोजलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

नशीब असं की साहेबांना फोटोंचा नाद होता. नदीच्या पुलाअलीकडे गाडी उभी होती, साहेब कॅमेरा घेऊन कठड्याशी, आणि बाई दगडावर बसून केळं खात होत्या. पुलापलीकडे घाटाचा उतार सुरू होत होता.

"अरे, पानेकाका! तुम्ही इकडे कुठे?"

"सहज," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या पाठीत असा चिमटा काढला की तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, लग्नानंतरचा सगळ्यात मोठा.

"सहज नाही," काका म्हणाले. "मागच्या चाकाचा नट मी आवळलेला नाही. बहुतेक."

साहेब हसले. त्यांना थट्टा वाटली. काका गुडघ्यावर बसले, नटाला बोटं लावली, आणि तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

मग साहेब हसले नाहीत. "मी तुमच्या भरवशावर हिला मागे बसवून निघालो होतो, काका. हिला!" काकांनी मान वर केली नाही. पाना लावला आणि सगळं अंग टाकून नट आवळला.

काकूंना राहवेना. "खरं तर चूक माझी आहे हो. मी त्यांची बाटली..."

"कसली बाटली?" साहेबांचा आवाज आणखी चढला.

"नेलपॉलिशची, नेलपॉलिशची! हे पीत नाहीत!"

"तिचा काही संबंध नाही," काका म्हणाले. "पाना मी दिला, नट मी सैल ठेवला, आणि गाडी मी सोडली."

साहेबांनी हेल्मेट उचललं. "आम्ही परत जातोय. गाडी दुसरीकडे दाखवीन. मग पुढचं बघू." पुढचं बघू म्हणजे काय ते बाईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्यांनी केळ्याचं साल घडी घालून हातात धरलं आणि नदीकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "पण घरी जायलासुद्धा चाकं लागतील. सगळे नट तुमच्यासमोर बघतो, मग जा."

साहेब कठड्याकडे गेले. बाई मात्र उठल्या आणि काकांच्या शेजारी येऊन वाकल्या.

"हा कसला?"

"ब्रेकचा."

"बघा."

काकांनी स्कूटरच्या डिकीतला लहान पाना काढून लावला. नट जागचा हलला नाही.

"आणि हा?"

असं करत बाईंनी अख्खी गाडी पालथी घातली. आरशाचे, पेट्यांचे, पायाखालच्या दांडीचे, एकही नट सोडला नाही. काकूंनी डिकीतली बाकीची हत्यारं धरली. काकांच्या कपाळावरून घाम टपटप खाली पडत होता आणि तो पुसायला ते थांबत नव्हते. शेवटी बाईंनी मागच्याच चाकावर पुन्हा बोट ठेवलं. काकांनी पुन्हा जोर लावला. त्यांचे हात थरथरले, नट नाही.

बाई सरळ झाल्या, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "चला."

"चला ना," साहेब म्हणाले. "गाडी वळवतो."

"वळवायची कशाला? समुद्र तिकडे आहे."

"अगं, या माणसानं..."

"या माणसाला एवढा घाम फुटलाय की आता त्यानं आवळलेला नट तुम्ही दोन्ही पायांनी उभे राहिलात तरी सुटायचा नाही. दुसरीकडे दाखवाल, तिथला माणूस आपल्यामागे स्कूटर घेऊन येणार आहे का? बसा तुम्ही."

साहेब बसले. काकांकडे न बघता त्यांनी गाडी सुरू केली. बाईंनी काकूंचा हात दाबला. गाडी पूल ओलांडून उतारावर दिसेनाशी होईपर्यंत काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि मागचे लोक हॉर्न मारत होते.

त्या दिवशी गॅरेजमधून पान्याचा आवाज आला नाही. काका स्टुलावर, समोर फोन, आणि जेवणाचं ताट आतून दोनदा गरम होऊन आलेलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. काकांनी तो उचलला आणि घाईत स्पीकर लागला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"पोचलो," साहेब म्हणाले. "नट जागेवर आहे."

"सकाळी निघताना एकदा हात लावून बघा."

"बघणारच आहे." आणि फोन ठेवला.

काकांनी फोन बाजूला ठेवला. मग भिंतीवरून मला म्हणाले, "काय रे, रागावलेले वाटले का?"

"थोडे."

"थोडेच ना?"

"थोडेच, काका."

"हं," म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.