त्याने पाणी का नाकारले

निवृत्त होऊन काही वर्षे झाली. बरीच प्रकरणे विसरलो, पण हे एक प्रकरण आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीत निम्मी शेती, निम्मे कारखाने. सकाळची हजेरी घेऊन मी कामाची वाटणी करत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्याने नाव सांगितले नाही.

"साहेब, प्रेत घरी यायच्या आधी बघा. बायकोनं पाण्यातून विष घातलंय त्याला."

थोड्या वेळाने शहरातल्या सरकारी रुग्णालयातून लेखी खबर आली. मृत माणूस अडतीस वर्षांचा, चितेगावच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक, राहायला बिडकीनला. तोंडातून लाळ, झटके, असंबद्ध बडबड. दाखल केल्यावर तासाभरात तो गेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, विषबाधेचा संशय. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मृताच्या धाकट्या भावाचा जबाब घेतला.

"दादा दोन दिस पाण्याचा थेंब घेईना," तो म्हणाला. "वहिनीनं गिलास पुढं केला की भिंतीला चिकटायचा. डोळे असे मोठाले. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. माणूस बायकोच्या हातच्या पाण्याला इतका भेतो, तर तिनं काय केलं आसंल, तुमीच सांगा."

घराचा पंचनामा करताना माळ्यावर कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली सापडली. ती जप्त केली. माझ्या दृष्टीने प्रकरण जवळजवळ संपले होते.

बाईला ठाण्यात बोलावले. महिला शिपाई शेजारी बसली, मी समोर. बाईच्या डोळ्यात पाणी नव्हते, ही गोष्टही मी तिच्याच विरोधात धरली.

"बाटली कुणाची?"

"सासऱ्यांची. शेतात फवारायची."

"तो तुझ्या हातचं पाणी का घेत नव्हता?"

"ठावं नाय. म्या जवळ गेले की अंग चोरायचे. मलाच भेत होते जणू."

मला तो अर्धा कबुलीजबाब वाटला. गावात तणाव होईल म्हणून अंत्यविधीच्या वेळी तिला ठाण्यातच बसवून ठेवले. संध्याकाळी माहेरच्यांच्या ताब्यात दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावले. तेच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारत होतो आणि ती तीच उत्तरे देत होती.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, "एक विचारून घ्या. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो दचकत होता का?"

मी बाईला विचारले. तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"व्हय. पंखा लावला की गळा धरायचे. म्हणून म्या पंखा बंद केला, तर दीर म्हणाले, उकाड्यात मारती का त्याला."

मी हे डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "मेंदूचा नमुना मी तपासणीला पाठवतो आहे. त्याला कुत्रं चावलं होतं का, ते ताबडतोब शोधा."

"नाय चावलं," बाई म्हणाली. "चावलं आसतं तर मला सांगितलं आसतं."

मी जीप काढली आणि कारखान्याच्या गेटवर गेलो. मृताच्या जोडीला काम करणारा रक्षक तिथे होता. कुत्र्याचे नाव काढताच तो हसला.

"कुत्रं नाय साहेब, पिल्लू. हे एवढुसं. केबिनच्या मागं कुत्री याली होती. एक पिल्लू खाईना, पिईना, नुसती लाळ गाळायचं. आमाला वाटलं, घशात हाडूक अडकलंय. त्यानं तोंडात बोट घातलं आन् चावलं त्याला. जरासं रगत आलं. चुना लावला, चिंधी बांधली. झाले आसतील दोन महिने."

"पिल्लाचं काय झालं?"

"तीन-चार दिसांत मेलं. पुरलं तिकडं."

"आणखी कुणाला चावलं?"

त्याचे हसू थांबले. त्याने डावा तळहात माझ्यापुढे उघडला. अंगठ्याखाली दोन फिकट वण होते.

"पिल्लू म्याच धरलं होतं, साहेब."

पंचवीस वर्षांत मी किती प्रेते पाहिली असतील, पण समोर उभ्या असलेल्या धडधाकट माणसाकडे पाहून मी घाबरलो तो त्या दिवशीच. तो आपला हात असा बघत होता, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

त्या पिल्लाला आणखी कोणी हात लावला होता, हे त्याच्याकडूनच काढून घेतले. कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी बाई आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. दोघी त्याला दूध पाजायच्या, ते त्यांचे हात चाटायचे, मुलीला दातही लागला होता. तिघांना जीपमध्ये घेतले आणि थेट रुग्णालय गाठले.

"आता दोन महिन्यांनी काय उपेग?" रक्षक वाटेत म्हणत होता. "जखम तर कवाच भरली."

त्याला उत्तर डॉक्टरांनी दिले. "त्रास सुरू व्हायच्या आत कधीही आलात तरी लस द्यायचीच. एकदा पाण्याची भीती सुरू झाली, की आमच्या हातात काही राहत नाही."

तिघांचेही सगळे डोस वेळेवर होतील, याची जबाबदारी मी एका हवालदारावर टाकली. मुलगी एका डोसच्या दिवशी मामाच्या गावी पिशोरला गेली होती. हवालदाराने तिला तिथे जाऊन गाठले आणि तो डोस चुकू दिला नाही. तिघेही वाचले.

पुढे अहवाल आले. व्हिसेऱ्यात, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या नमुन्यात, विष नव्हते. मेंदूच्या नमुन्यात रेबीज होता.

मी स्वतः बिडकीनला गेलो आणि दिरासमोर बाईला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले,

"मंग ते मला भेत नव्हते?"

"नाही. या रोगात पाणी नुसतं दिसलं तरी घशाला आकडी येते. ते पाण्याला भीत होते."

"म्या सोताला हेच इचारीत होते," ती म्हणाली, "का माझं काय चुकलं."

दीर दारातच खाली बसला. 

त्यानंतर शाळेत, कारखान्यात, शांतता समितीच्या बैठकीत, जिथे बोलायची संधी मिळाली तिथे मी हेच सांगत आलो. पिल्लू असो की घरचे पाळलेले, दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना नको, तिखट नको, हळद नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सगळी इंजेक्शने पुरी करा. आजारी, खात असलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नका. अंगावर आले तर पळू नका, नजर खाली ठेवून थांबा, मग हळूहळू मागे सरका. आणि घरी सांगा. त्या माणसाने एवढेसे पिल्लू म्हणून घरी सांगितले नाही.

सांगताना लोक मला अनुभवी अधिकारी समजून ऐकतात. पण मी त्या बाईला दोन दिवस प्रश्न विचारले आणि नवऱ्याला नेमके काय होत होते, हे एकदाही नीट विचारले नाही. तिने ते कसे केले, एवढेच विचारत राहिलो. ती माझ्यासमोर जबाबावर सही करत होती, तेव्हा गावात तिच्या नवऱ्याला अग्नी दिला जात होता. प्रकरणाच्या कागदांत सगळे आहे, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही.