बुडाले तर माझे बुडतील

टाकेबाईंचं खरं नाव ड्रायक्लीनरच्या मालकालाही आठवत नसे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पँटची लांबी कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, हट्टी चेन वठणीवर आणायची, हे त्यांचं काम. नवरा गेल्यावर याच मशीनवर त्यांनी मुलाला शिकवून परदेशी पाठवलं. उरलेल्यातून दर महिन्याला थोडे पैसे जगभरच्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या एका फंडात टाकले. हातपाय थकल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, एका देशात, मुलगा दुसऱ्या, बाई तिसऱ्या. रविवारी तिघं व्हिडिओ कॉलवर जमून पैशांचे निर्णय घेत. म्हणजे दोघं घेत. बाई तेव्हाही शिवणावर असत, आणि मशीनची खडखड नको म्हणून दादा त्यांचा आवाज बंद करून टाकी. बहिणीची मान हलली की तिचा होकार, हे त्यानं धरूनच ठेवलेलं. शिवताना कुणाचीही मान हलते, हे काही त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. बाईही आजवर वाद नको म्हणून गप्प बसल्या, आणि त्यांच्या नावावर भलभलते होकार जमा झाले.

त्या रविवारी सगळीकडचे बाजार गडगडले होते. दादा बाईंच्या फंडाच्या खात्यात शिरून बसलाच होता. "आहे तेवढं विकू आणि तुझ्या लेकाच्या नव्या घरात घालू. पैसा घरातच राहील."

"आईची काय हरकत असणार?" मुलगा म्हणाला.

बाईंची मान हलली.

"बघ, हो म्हणाली. अगं, तुझ्या फोनवर विक्रीचा कोड आलाय, तेवढा सांग."

बाईंनी मशीन थांबवलं. स्वतःचा आवाज स्वतःच सुरू केला.

"मी शिवण बघत होते, दादा. हो म्हणाले नाही. कोड मिळणार नाही."

"बाजार अजून पडला तर?"

"पडू दे. बुडाले तर माझे बुडतील."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. तुझ्या मामाला तरी कुठे कळतं? मागच्या मंदीत घाबरून सगळं विकलं आणि मग वर्षभर हात चोळत बसला."

दादा खोकला. मुलाचा मात्र पारा चढला. "ठीक आहे. मग म्हातारपणी माझ्याकडे बघू नकोस."

या पोरासाठी बाईंनी रक्ताचं पाणी केलं होतं. तरी त्यांनी फोन पालथा घातला नाही, की नजर खाली केली नाही.

"त्यासाठीच तर साठवलेत, बाळा," त्या म्हणाल्या.

बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. कोडची मुदत तोवर संपून गेली.