सोनुनच्या वांग्यांच्या बरण्या

कालीपा एसेनबायेव्हना जुमाकादिरोवा. जन्म १९३४, किर्गिझ डोंगरांतले कोकबुलाक गाव. मृत्यू २००६, तेथेच. हुद्दा: जिल्हा आरोग्य ठाण्याच्या प्रयोगशाळेतील जंतुतज्ज्ञ. स्वभाव: रागीट. ही शेवटची बाब तिच्या सेवापुस्तकात नमूद नाही, परंतु गावात कोणीही ती तोंडी सांगितली असती.

सगळे गाव तिला एजे म्हणे, म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला असतो तो सगळा अधिकार ती वापरीत असे. बाजारात दूधवालीचे भांडे हुंगून ती ते तिच्यादेखत गटारात ओती. खाटकाला सुऱ्या उकळायला लावी आणि उकळी फुटेपर्यंत तिथून हलत नसे. लोक तिला मान देत आणि ती समोरून येताना दिसली की रस्ता बदलत.

हवेवाचून जगणारे जंतू हा तिचा खास विषय होता. वडील गुराखी. फऱ्या रोगाने त्यांचे वासरू मेले, तेव्हा त्याच्या सुजलेल्या मांडीवर हात ठेवताच आत कोरडा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला होता, आणि तो आवाज तिने पुढे राजधानीत वैद्यकी शिकताना पुस्तकात वाचून ओळखला. धनुर्वाताचा जंतू याच कुळातला; युद्धातल्या जखमा सडवणारा याच कुळातला; आणि बंद डब्यातल्या अन्नात विष करणारा, सर्वांत वाईट, तोही याच कुळातला. जिथे वारा शिरत नाही तिथे यांचे राज्य, असे ती परिचारिकांना शिकवताना सांगे.

१९८१ च्या शरदात सरकारी शेतीचे संचालक ओमुरझाक यांनी धाकट्या मुलाचे लग्न केले. कत्तलखान्याच्या नाल्यावरून त्यांचे आणि कालीपाचे वाजले होते. ती गेली नाही, तिचे शाळामास्तर पती शेशेनाली गेले. मेजवानी मोठी झाली. शेवटी संचालकांची पत्नी सोनुन हिने रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हाती केशिक दिले: मांसाचा तुकडा, कणकेचे तळलेले बोरसोक, मिठाई, सगळे फडक्यात बांधून, घरी राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलांना समारंभाचा वाटा पोचावा म्हणून. केशिक नाकारायचे नसते. टाकायचे तर मुळीच नसते. सोनुनचा हात सढळ. मानाच्या पाहुण्यांच्या गाठोड्यात तिने आपल्या हातच्या तेलातल्या वांग्यांची एकेक सीलबंद बरणीही घातली. त्याच वांग्यांच्या काही बरण्या पंक्तीत उघडल्या गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचालक काल्मुरात रुग्णालयात आला आणि त्याच्या पाठोपाठ शाळेतली एक शिक्षिका. तालान्त नावाच्या तरुण डॉक्टराने दोघांच्याही कागदावर दारूची विषबाधा असे लिहिले. रक्त तपासायला म्हणून कालीपाला बोलावले, तेव्हा तिने आधी काल्मुरातकडे पाहिले. पापण्या उचलत नव्हत्या. घोटभर पाणी दिले तर नाकावाटे परत येत होते. ताप नाही, शुद्ध पूर्ण.

"एजे," तो नाकातून म्हणाला, "तुम्ही दोन दिसताय. एकच पुरे होती."

कालीपा हसली नाही. तिने तालान्तला बाहेर बोलावले आणि दारू प्यालेला माणूस तिसऱ्या दिवशी अधिकाधिक लुळा पडत जातो, हे तो कुठल्या विद्यापीठात शिकला, असे विचारले. तालान्तने मान खाली घालून संचालकांचा फोन आल्याचे सांगितले. त्यांच्या घरच्या जेवणाला बोल लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढलेले असते, आणि ते खिंडीपलीकडे प्रांताच्या शहरातच मिळे. तिने फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले की तुमचा डॉक्टर दारू म्हणतो, तुम्ही विष म्हणता. विष कोणत्या अन्नातले, आणि नमुना कुठे आहे? साठा थोडा होता. अन्नाचे नाव कळल्याशिवाय तो गाडी पाठवणार नव्हता. काल्मुरातला त्याच दिवशी प्रतिविष मिळाले तरच आशा होती, हे तिला माहीत होते. तिने काल्मुरातला विचारले, काय काय खाल्लेस? तो म्हणाला, सगळे, आणि सगळे चांगले होते. यजमानाच्या अन्नाबद्दल याहून अधिक तो बोलेना.

ती संचालकांच्या घरी गेली. कुंपणाच्या खुंटांवर सोड्याने घासलेल्या बरण्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या. ओमुरझाक अंगणातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत.

"सगळं दुकानातून आणलं होतं, एजे. घरची एकही बरणी उघडली नाही."

"मग या कशाच्या वाळताहेत?"

"पुढच्या वर्षीच्या."

"शरदात? बायके, तुमच्या घरी वर्ष लवकर सुरू होतं वाटतं." बायके म्हणजे थोरला भाऊ; मान राखायचा तर पुरुषाला असे म्हणत.

"माझ्या दस्तरखानावर, माझ्या घरच्या पंक्तीवर, आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्हीही ठेवू नका."

सोनुन हातातले फडके पिळत दारात उभी होती. ती काही तरी बोलणार होती. नवऱ्याने मान वळवली आणि ती आत गेली. कालीपा फाटकातून बाहेर पडली. एक माणूस श्वासासाठी धडपडत होता आणि इथे बरण्या घासल्या जात होत्या.

सोनुन मानाच्या पाहुण्यांच्या केशिकात आपल्या हातची बरणी घालते, हे तिला ऐकून माहीत होते. मग तिने गाव पालथे घातले. ज्या ज्या घरचे कोणी त्या लग्नाला गेले होते, त्या त्या घराचे दार तिने मुठीने वाजवले. बरणी कुठे आहे? बाहेर काढा. लपवाल तर मराल, आणि माझ्याकडे रडत येऊ नका. प्रत्येक घराने एकच उत्तर दिले: केशिक आले, वाटून खाल्ले, फार रुचकर होते, देव त्यांचे भले करो. एका घरात म्हातारी असे म्हणत असताना नातवाने कोठीघराकडे पाहिले आणि म्हातारीने त्याला चिमटा काढला. कालीपाने ते पाहिले. ती आणखी ओरडली. म्हातारीने तिला चहासुद्धा विचारला नाही. किर्गिझ घरात याहून मोठा अपमान नाही.

संध्याकाळी जेवताना तिने सगळ्या गावाचा उद्धार केला. खोटारडे आहेत, बरणीसाठी शेजाऱ्याचा जीव घेतील, आणि वर देवाचे नाव घेतील. शेशेनाली यांनी चमचा खाली ठेवला, तळघरात गेले आणि बटाट्यांच्या मागून एक बरणी आणून तिच्यासमोर ठेवली. झाकणाला सोनुनच्या हातची लाल चिंधी बांधलेली होती.

"तुझ्या एजेला दे, सोनुन म्हणाली होती. ती आली नाही, तिचा वाटा."

कालीपाने बरणी उचलून दिव्यासमोर धरली.

"मास्तर," ती म्हणाली, "दिवसभर मी रस्ते झिजवतेय. आणि ही माझ्याच घरात?"

"तू टाकून दिली असतीस. केशिक टाकलेलं मला बघवत नाही."

"काल्मुरात मरतोय ते बघवतं?"

"मला ठाऊक नव्हतं याच्यात काही आहे. तू विचारलंस कुठं, कालीपा? तू नुसती ओरडलीस. तू ओरडलीस की मीही कोठीघरासारखा बंद होतो. गावाचं काय घेऊन बसलीस?"

 बरणी कोटात गुंडाळून ती प्रयोगशाळेत गेली.

झाकण किंचित फुगलेले होते. वास म्हणावा असा नव्हता. काचपट्टीवर रंग दिल्यावर जांभळ्या काड्या दिसल्या, आणि काहींच्या एका टोकाजवळ फुगीर बीजाणू, टेनिसच्या रॅकेटसारखा. परंतु तेवढ्यावर ओळख पटत नाही. याच कुळातला एक निरुपद्रवी भाऊ काचेखाली हुबेहूब असाच दिसतो. या जंतूची ओळख त्याच्या विषावरून पटवावी लागते. तिने थोडे वांगे यकृताच्या काढ्यात घातले आणि वारा लागू नये म्हणून वर तेलाचा थर दिला, वाढ दिसेल तेव्हा दिसेल. बरणीतला रस गाळून तिने उंदरांना टोचला: काहींना तसाच, काहींना उकळून, काहींना तपासणीपुरते ठेवलेल्या वेगवेगळ्या जातींच्या प्रतिविषांच्या थेंबांत मिसळून.

सकाळी, नुसता रस टोचलेल्या उंदरांची पोटे गांधीलमाशीच्या कमरेसारखी आत ओढली गेली होती. ते श्वासासाठी झगडत होते. उकळलेला रस मिळालेले सुखरूप. ब जातीचे प्रतिविष मिळालेले दाणे खात होते. तिने प्रांताला फोन करून जातीसकट नाव सांगितले, आणि पलीकडचा अधिकारी या वेळी वाद न घालता गाडी काढायला निघाला.

गाडी खिंड ओलांडून आली तेव्हा काल्मुरात गेला होता. शिक्षिका वाचली.

कालीपा त्या दिवशी कोणावर ओरडली नाही, आणि तालान्तला त्याचीच अधिक भीती वाटली. बरण्या अजून गावात होत्या. तिने घरी जाऊन पीठ मळले. तिच्या हातचे नान गावाने आजवर पाहिले नव्हते, आणि ते पाहिल्यावर का पाहिले नव्हते हेही लोकांना कळले; एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. तेच नान टोपलीत घालून ती पुन्हा त्याच दारांवर गेली, परंतु हळूच कडी वाजवून. बसली, चहा मागितला, प्याली. मग नान पुढे करून म्हणाली की तुमच्याकडे आलेले केशिक मला द्या आणि माझे तुम्ही घ्या. ते टाकले असे होणार नाही, बदलले असे होईल.

कोणाचीच मान खाली जाण्याचे कारण उरले नव्हते. पिठाच्या पिंपामागून, रजयांच्या चळतीतून, एका घरी तर पाळण्याच्या तळातून बरण्या निघाल्या. चिमटा काढणाऱ्या म्हातारीने नान उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, एजे, हे खाऊन तर कोणी मरणार नाही ना? कालीपाने ते निमूट ऐकून घेतले.

शेवटी ती काल्मुरातच्या घरी गेली. त्याची बायको बुरमा पांढरा रुमाल बांधून बसली होती. भिंतीशी, नवऱ्याच्या टोपीशेजारी, लाल चिंधीची बरणी ठेवलेली होती.

"ही नाही देणार, एजे. त्यांनी आणलेलं शेवटचं केशिक आहे. सातव्या दिवसाच्या जेवणाला उघडणार आहे. त्यांच्या भावांना, पोरांना एकेक घास मिळेल."

कालीपाला ओरडावेसे वाटले. ती बुरमासमोर जमिनीवर बसली.

"बुरमा, तो याच्यानंच गेला."

"संचालक म्हणाले, दारूनं."

"खोटं बोलले. माझ्या घरीही अशीच बरणी होती. मास्तरांनी लपवली, कारण त्यांना माझी भीती. आधी मिळाली असती तर गाडी आधी आली असती. यात माझंही आहे. तेवढं मी सांगायला आलेय. आता बरणी दे."

 बुरमाने उठून बरणी कालीपाच्या मांडीवर ठेवली आणि नान घेतले नाही. कालीपाने ते उंबऱ्यात ठेवले आणि ती निघाली.

अहवालावर सही होण्यापूर्वी ओमुरझाक प्रयोगशाळेत आले. उगम अनिश्चित असे लिहिले तर कोणाचे नुकसान होणार नाही, असे त्यांनी सुचवले. कालीपाने त्यांना खुर्ची दिली नाही.

"उंदीर खोटं बोलत नाहीत, बायके. त्यांना तुमची नोकरी करायची नसते."

तिने घराचे नाव, अन्नाचे नाव आणि विषाची जात लिहून सही केली. अहवाल वर गेला आणि छापील होऊन खाली आला, तेव्हा त्यात घरगुती अन्न एवढेच शब्द उरले होते. ओमुरझाक आपल्या पदावर राहिले आणि मानाने निवृत्त झाले. काल्मुरात दारूने मेला, हे ते अखेरपर्यंत म्हणत. तालान्तने कागदावरचे निदान दुरुस्त केले आणि बदली मागून घेतली.

केशिकात बरणी देण्याची चाल कोकबुलाकमध्ये त्या शरदापासून बंद आहे. मांस, बोरसोक, मिठाई जाते. झाकणाखालचे काही जात नाही. कालीपा दर शरदात बुरमाच्या उंबऱ्यात नान ठेवून येई. पहिली काही वर्षे ते तसेच राही आणि चिमण्या खात. नंतर एकदा ते आत घेतले गेले आणि रिकामी टोपली धुऊन परत आली. याहून अधिक त्या दोघी कधी बोलल्या नाहीत. शेशेनाली यांना तिने क्षमा केली की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मात्र घरात आलेली प्रत्येक वस्तू ते त्यानंतर तिच्यासमोर टेबलावर ठेवीत, आणि ती आधी विचारी, मग ओरडे.

कालीपाच्या दफनाला सोनुन एकटीच आली. फाटकाशी ती बराच वेळ उभी होती. मग बुरमाजवळ जाऊन तिने काही म्हणायला तोंड उघडले आणि नुसतीच रडू लागली. ओमुरझाक तेव्हा हयात होते, चालतेफिरते होते; आले नाहीत. काल्मुरात दारूने गेला नाही, हे एक वाक्य काल्मुरातच्या घराचे त्यांच्याकडे येणे आहे. ते अजून आलेले नाही.