समुद्राला हात लाव

मध्यप्रांतात पोहण्यात पहिली आलेली मुलगी, अशी नातवंडं माझी ओळख करून देतात. ती मुलगी तोवर एकदाही नर्मदेच्या पलीकडे गेली नव्हती, हे मात्र कोणी सांगत नाही.

कारण आजी. लहानपणी मला टायफॉइड झाला, तेव्हा तिनं नर्मदामाईला परिक्रमा बोलली आणि संकल्प माझ्याही नावानं सोडला. परिक्रमा पुरी होईस्तोवर नदी ओलांडायची नाही, हा नेम. आजी दर हिवाळ्यात थोडीथोडी चालायची. तोवर मी आमच्या दक्षिणतटावरच्या घाटावरून मधल्या धारेपर्यंत फ्रीस्टाइल मारायची आणि तिथूनच माघारी वळायची. नावाडी ओरडायचा, "काहे बिटिया, उस पार शेर बैठा है क्या?" मी नाक वर करून पाणी उडवायची. स्वतःला मगर समजत होते; दिसत होते भिजलेल्या मांजरीसारखी.

घाटाच्या वर एका निवृत्त जज्जसाहेबांचा हौद होता. तिथे मुलींची शर्यत ठरली. पहिली येईल ती नागपूरला, प्रांताच्या शर्यतीला जाणार. नागपूरसाठी मी जीव टाकत होते. बक्षीस घेताना मान किती झुकवायची, याचाही आरशासमोर सराव झाला होता.

मुलींना झेपावं म्हणून शर्यत हौदाच्या रुंदीतून ठेवली होती. आजी आली आणि थेट जज्जसाहेबांपुढे उभी राहिली.

"पाणी कुठलं हाय?"

"नर्मदेचं. पंपानं चढवतो."

"मंग तो पलीकडचा काठ उत्तरतट झाला. पोरगी नाही शिवणार."

"आजी, हा हौद आहे हो!"

"हौद तुमचा असंन. पाणी माईचं हाय."

जज्जसाहेबांनी जन्मभर बांधाबांधांची भांडणं ऐकली होती. त्यांनी डोळे मिटून निकाल दिला: पाणी येतं तो नळ म्हणजे अमरकंटक, पाणी जातं ते भोक म्हणजे समुद्र. उगमाकडून समुद्राकडे जाणं म्हणजे ओलांडणं नव्हे. शर्यत लांबीतून घ्या, एकदा जाऊन येऊन.

"अच्छा," आजी म्हणाली. "असं सांगा ना."

काकांची हाफपँट नाडीनं आवळून मी अमरकंटकावरून उडी मारली. बाकीच्या तिघी मागे पडल्या. समोरची भिंत हातभर उरली आणि अंगातली सवय जागी झाली. वळले! परत येऊन काठ धरला, मान ठरल्याप्रमाणे झुकवली.

"भिंतीला शिवली नाहीस," जज्जसाहेब म्हणाले.

गेलं नागपूर. तेवढ्यात आजी कडाडली, "काहून नाही शिवली वं? जा परत, लाव हात!"

"तूच तर म्हणायचीस..."

"समुद्र हाय तो! लाव!"

दोघी अर्ध्या वाटेत हौदातल्या दोराला लटकल्या होत्या, तिसरी समुद्रावर बसून रडून राहिली होती. भिंतीला शिवून एकही परत पोचलेली नाही, तेव्हा शर्यत चालू आहे, असा जज्जसाहेबांनी दुसरा निकाल दिला. मी पुन्हा गेले, भिंतीला चापट मारली, परत आले. दुप्पट पोहून पहिली!

नागपुरातही पहिली आले. तिथलं पाणी तलावाचं होतं. आजीची हरकत नव्हती.

परिक्रमा पुरी झाली माझ्या लग्नाच्या वर्षी. सासर पलीकडचं. नर्मदा पहिल्यांदा ओलांडली ती नावेत बसून, शालू सावरत, उलट्या करत. नावाडी तोच. "कस के पकड़ लो बिटिया, पानी गहरा है."

पकडलं. पण मधली धार आली, तेव्हा पायच आपोआप मागे वळले.