हिरवं स्टूल आणि दुसरी चादर

समस्त कर्मचारी, रुग्ण, नातेवाईक आणि लिफ्टची वाट बघणाऱ्या नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुलुंडच्या आमच्या छोट्या रुग्णालयात प्रसूतिकक्षाबाहेर जे हिरवं स्टूल आहे, त्यावर कुणीही बसू नये. असा फलक कुणी लावलेला नाही. तरी गेले पाच आठवडे तिथे कुणी बसलेलं नाही. तावडे सिस्टर गेल्या... एका दुपारी, औषधांचं कपाट लावता लावता, आमच्याच इमारतीत. मी तिथला भूलतज्ज्ञ. मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो. आत सगळं भूल दिल्यासारखं आहे, आणि हा विनोद सुचला तेव्हा माझं मलाच हसू आलं नाही.

सिस्टर वेंगुर्ल्याच्या. उभा जन्म मुंबईत काढला, पण रागावल्या की मालवणीत. कुठलीही धावपळ संपली की त्या स्टुलावर बसायच्या आणि आम्हाला समोर उभं करायच्या. काही बिघडलं की बैठक सगळेच घेतात. सिस्टर मात्र सगळं सुरळीत पार पडलं तरी सोडायच्या नाहीत. आपली चूक आपण सांगायची, पण आपलं बरोबर काय झालं ते दुसऱ्याने सांगायचं, हा त्यांचा कायदा. पहिल्यांदा मी जाम वैतागलो होतो. एका बाळंतिणीला भयंकर रक्तस्राव झाला होता, आम्ही तिला ओढून आणलं होतं, आणि मी विजयी वीरासारखे खालून सामोसे मागवले होते. सिस्टर म्हणाल्या, ती का वाचली ते आधी सांगा. मी म्हटलं, नशीब.

"नशीब बाजूक ठेवा, डॉक्टर. माणसं सांगा."

मग एकेकाला विचारत त्या आमच्या आयाबाई रंजनाबाईंपर्यंत पोचल्या. रंजनाबाईंनी थोड्याच वेळात दुसऱ्यांदा चादर बदलली होती आणि जाता जाता नर्सला म्हणाल्या होत्या की ही पण भिजली. त्या एका वाक्यामुळे आम्ही वेळेत धावलो होतो, आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही ते आठवत नव्हतं. रंजनाबाई पदर तोंडाला लावून अशा उभ्या, जशी काही त्यांची चोरी पकडली. त्या दिवसापासून नियम झाला की दुसरी चादर बदलली की मोठ्याने सांगायचं. पुढे त्या नियमाने आणखी एक बाई बाळासकट घरी गेली. सामोसे मात्र गार झाले, आणि ती तक्रार मी सिस्टरकडे शेवटपर्यंत करत राहिलो.

आता माझं. त्या दुपारी मी वरच्या मजल्यावर चहा पीत आरे कॉलनीतल्या बिबट्याची गोष्ट सांगत होतो. गोष्ट अर्थात माझी असल्यामुळे बिबट्या रिक्षात बसणार होता. श्रोते रंगले होते. फोन वाजला, तो मी उलटा करून ठेवला. बिबट्याने अजून भाडं विचारलं नव्हतं ना... दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. सिस्टर खाली पडल्या होत्या, बाकीचे छाती दाबत होते. आम्ही पाऊण तास झटलो. त्यानंतर मी कुणाला एकही गोष्ट सांगितलेली नाही.

बैठक घ्यायची कुणाची हिंमत होईना. शेवटी गेल्या आठवड्यात मीच सगळ्यांना बोलावलं. सवयीने आम्ही रिकाम्या स्टुलासमोर ओळीत उभे राहिलो. पहिला फोन मी उचलला नाही, असं मी सांगितलं. बिबट्याचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. आमचे हृदयरोगतज्ज्ञ हळूच म्हणाले की त्या एका मिनिटाने काही फरक पडला नसता. पडला नसेलही. पण ते मला कधीच कळणार नाही, आणि त्यांनाही. कायद्याप्रमाणे आता कुणीतरी माझं बरोबर काय झालं ते सांगायला हवं होतं, पण सिस्टर वाचल्याच नव्हत्या, तर बरोबर काय शोधायचं? जो तो फरशीकडे बघत होता. एकट्या रंजनाबाई स्टुलाकडे बघत होत्या, आणि त्या एकदम स्टुलालाच म्हणाल्या,

"सिस्टर, डॉक्टर पळत आले हो. एक चप्पल जिन्यातच राहिली होती, मी उचलून आणली."